एका सुताची गोष्ट

उरलेल्या कापडाची गोधडी शिवायची तर आधी नवं कापड आणावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिंध्या घरच्या असतात हो. पण अस्तर घरचं नसतं, आतली रुई घरची नसते, आणि घरच्या चिंध्यांत सगळे निळेच निघाले तर मध्ये उठून दिसायला एक तांबडा लागतो, तो तर नसतोच. मग तांबड्यासाठी जयपूरजवळच्या सांगानेरला जायचं. हवा असतो पाव मीटर. दुकानदार अर्ध्या मीटरखाली फाडत नाही आणि आपण दोन मीटर घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाही. गोधडीत त्यातला वीतभर जातो. बाकीचा ‘उरलेलं कापड’ या सदरात जमा. म्हणजे वजाबाकी करायला बसावं आणि उत्तर बेरजेचं यावं. सांगलीला बत्तीस वर्षं मी आठवी ते दहावीला गणित शिकवलं. असं गणित एखाद्या पोरानं करून दाखवलं असतं तर त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं असतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलाकडे जयपूरला आलो. मुलगा राहतो खातीपुऱ्यात. खाती म्हणजे इकडच्या बोलीत सुतार, तेव्हा आमचा पत्ता मराठीत सांगायचा तर सुतारवाडी. वस्ती शहराच्या पश्चिमेला, झोटवाड्याच्या अंगाला. खातीपुरा नावाचं रेल्वे स्टेशन मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पूर्वेला. माझा भाचा पहिल्यांदा आला तेव्हा कुणाला न विचारता, नाव बघून, त्या स्टेशनात उतरला. खातीपुऱ्याहून खातीपुऱ्याला यायला त्याला अख्खं जयपूर आडवं ओलांडावं लागलं. मांडीवर एक गाठोडं. रिक्षावाल्यानं वाटेत विचारलं, यात आहे तरी काय? भाचा म्हणाला, “नानी की साड़ियाँ.” खोटं नव्हतं. गाठोड्यात माझ्या आईची वाकळ होती.

आमच्या सांगलीकडे वाकळ म्हणतात, पुण्याकडे गोधडी. पुणेकरांनी तिला हल्ली दुकानाच्या काचेआड बसवून भाव आणलाय, पण वाकळ ती वाकळच. आईची वाकळ मी त्या दिवशी गच्चीवर उन्हात घातली आणि तिच्यावर वाकून वाचायला लागले. वाचायलाच म्हणते मी. वरच्या अंगाला तिचं इरकली लुगडं, काठ अजून शाबूत. एका बाजूला वडिलांच्या धोतराचा धडपा. मधोमध माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचं ठिगळ, आणि त्या ठिगळावर शाईचा डाग, म्हणजे तो स्कर्ट सातवीतला. धावदोरा कडेनं सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत आत गेलेला, शेत नांगरल्यासारखा. टाके कुठं तांदळाएवढे, कुठं गव्हाएवढे. जिथं मोठे झालेत तिथं बहुधा चुलीवर दूध ठेवलेलं असणार. माप म्हणून कुठं नाही. आईला लांबी-रुंदी विचारली की ती म्हणायची, “पाय बाहेर राहू नयेत एवढी.”

मी वाकळ घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग वाकळीशिवाय उभी राहिले. फरक साडेचार किलो. (दुसरा आकडा इथं देण्याचं कारण नाही.)

आता इकडचा प्रकार ऐका. जयपुरी रजईची शेखी काय, तर ती पाव किलो रुईची असते! दुकानदार आपल्यासमोर ती झटकतो, गुंडाळतो, एवढ्याशा पिशवीत कोंबून दाखवतो आणि अशा चेहऱ्यानं बघतो की जणू त्यात काहीच नाही हाच मालाचा गुण. आणि गुण आहेच. ऊब रुईची नसते, रुईत अडकलेल्या हवेची असते; रुई नीट पिंजली की पावशेरातही भरपूर हवा धरते. विज्ञान मला पटतं. पण जानेवारीत जयपूरचा पारा सात-आठावर उतरतो तेव्हा सांगलीहून आलेले पाहुणे ती मलमलीची रजई अंगावर घेतात, पाच मिनिटं आढ्याकडे बघतात आणि हळूच हाक मारतात, “वहिनी, जरा वजन असलेलं काही आहे का?” मराठी माणसाला थंडीत नुसती ऊब चालत नाही. अंगावर कुणीतरी बसलंय असं वाटल्याशिवाय त्याला झोप येत नाही. एका रात्री तीन पाहुण्यांत आईची एकच वाकळ, त्यावरून झालेली ओढाताण मी दाराआडून ऐकली आणि ठरवलं, आपण आणखी एक शिवायची. चिंध्यांची, पण जयपुरी छापाची आणि सांगलीच्या वजनाची.

नोव्हेंबर लागला की आमच्या गल्लीत पिंजारी येतो. पूर्वी खांद्यावर धनुकली असायची, तातीवर मोगरी बसली की तो ध्रांग-ध्रांग आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जायचा. आता गाड्यावर मोटारीचं यंत्र असतं आणि आवाज गिरणीसारखा येतो. रुई मात्र तशीच, नाकातोंडात जाणारी. हे चाचा रजई भरतात ते बघत राहावं. खोळ उलटी अंथरायची, तिच्यावर पिंजलेल्या रुईचा थर सारखा पसरायचा, खोळीसकट वळकटी करायची आणि वळकटीच्या पोटात हात घालून सगळं असं उलटवायचं की रुई आपोआप आत आणि छाप बाहेर. मग काठीनं थोपटून थोपटून रुई कोपऱ्यांपर्यंत पोचवायची. त्यावर दोरे घालायचं काम बायकांचं. मी चाचांकडे दोन किलो रुई मागितली. चाचांनी यंत्र बंद केलं. बहुधा ऐकण्यात चूक झाली असं त्यांना वाटलं.

“दो किलो में तो आठ रजाई बन जाएँ, मैडमजी. आप रजाई बनवा रही हैं कि गद्दा?”

भागाकार बिनचूक होता, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

चिंध्यांचा पुरवठा मी दोन मार्गांनी लावला. एक, सांगानेरच्या बाजूची कतरन. तिकडं कपडे शिवणारे कारखाने आहेत, त्यांचं कापून उरलेलं किलोवर मिळतं. पोत्यात हात घातला की एखादं बूट्यांचं पट्ट्याएवढं निघतं, एखादं दोन बाह्यांच्या मधल्या आकाराचं, भूमितीत ज्याला नाव नाही असं. दुसरा मार्ग नाक्यावरचे शिंपी मास्टरजी. अठराव्या शतकात मराठे या मुलखात चौथाई वसूल करायला यायचे; तीच परंपरा चालवत मी दर शनिवारी मास्टरजींच्या टेबलाखालची पिशवी घेऊन यायचे. त्यांनाही जागा मोकळी झाल्याचा आनंद. इतिहासात मराठे आल्यावर जयपूरला आनंद झाल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं.

कापड जमलं, आणि मग भूमिती सुरू झाली.

जयपूर वसलं १७२७ मध्ये. ते वसवणाऱ्या सवाई जयसिंहांच्या पदरी एक मराठी पंडित होते, जगन्नाथ सम्राट. नसीरुद्दीन तुसीच्या अरबी ग्रंथावरून युक्लिडची भूमिती त्यांनी राजाच्या आज्ञेनं संस्कृतात आणली. ग्रंथाचं नाव ‘रेखागणित’. त्यात पंधरा अध्याय आणि ४७८ प्रमेयं आहेत, आणि प्रमेयाला तिथं शब्द कोणता, तर ‘शकल’. शकल म्हणजे तुकडा! हे वाचलं तेव्हा मी कात्री खाली ठेवली. तीनशे वर्षांपूर्वी एक मराठी माणूस याच राजाच्या पदरी ४७८ तुकडे एकमेकांना जोडत बसला होता आणि त्याचा एकही कोपरा चुकला नाही. माझ्याकडे तर फक्त १४४ होते. पाच-पाच इंचांचे चौकोन, बाराची एक ओळ, अशा बारा ओळी. बत्तीस वर्षं फळ्यावर काटकोन काढलेली बाई मी. मला काय अवघड?

सुतार आणि शिंपी इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. बारा चौकोन जोडायला अकरा शिवणी. शिवणीत दोन्ही तुकड्यांचा पाव-पाव इंच दाबायचा, म्हणजे ओळ व्हायला हवी साडेचोपन्न इंचांची. पण हात जरासा आत गेला आणि दोन्हीकडून एकेक सूत जास्त दाबलं गेलं, तर अकरा दुणे बावीस सुतं, म्हणजे पावणेतीन इंच गायब. पहिली ओळ भरली पावणेबावन्न. चूक कळल्यावर दुसरी जपून शिवली, ती साडेचोपन्न. दोन्ही एकमेकींना जोडायला गेले तर धाकटी मोठी आणि मोठी धाकटी. ओढून-ताणून जोडल्या, तर मध्ये टेकडी उभी राहिली. सुतारांच्या वस्तीत राहून माझं सूत चुकावं यासारखी शोभा नाही.

तेव्हा मला आईची चलाखी कळली. ती तुकड्याला तुकडा जोडतच नव्हती. खाली अख्खं लुगडं अंथरायचं, त्यावर ठिगळं येतील तशी मांडायची आणि धावदोऱ्यानं सगळं एकत्र शिवून टाकायचं. ठिगळ वाकडं गेलं तर ते जागच्या जागी वाकडं. त्याचा त्रास शेजारच्या ठिगळाला नाही. माझ्या पद्धतीत पहिल्या ओळीतली चूक बाराव्या ओळीपर्यंत वारसाहक्कानं जाते. चौथी शिकलेली माझी आई चुकीला अंगणात गाडत होती आणि मी एम.एस्सी. झालेली बाई तिला पिढ्यान्‌पिढ्या चालवत होते.

ती गोधडी झाली एकदाची. तिचा आकार विचारू नका; विशालकोन, लघुकोन सगळे सुखानं नांदतात. पहिल्या धुण्यात सांगानेरी तांबड्यानं रंग सोडला, कारण कापड शिवायच्या आधी मिठाच्या पाण्यात भिजवून बघायचं असतं हे मी दुसऱ्यांना सांगते. सोबत यांचे सहा बनियन होते. १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून जयपूर गुलाबी रंगवलं होतं; आमच्याकडे कुणी न येताच रंगकाम झालं. हे आजही शर्टाचं वरचं बटण लावूनच बाहेर पडतात.

सूनबाईनं माझी समजूत घालायला मोबाइलवर अमेरिकेतल्या अलाबामामधलं जीज बेंड नावाचं खेडं दाखवलं. तिथल्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या जुन्या कपड्यांतून, जीनच्या पँटींतून गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये त्यांचं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरलं आणि २००६ मध्ये टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. “आई, बघा, त्यांच्यासुद्धा रेषा सरळ नाहीत,” ती म्हणाली. बघितलं. त्यांच्या रेषा वाकड्या होत्या कारण त्यांना तशाच हव्या होत्या. माझ्या वाकड्या होत्या कारण मला सरळ हव्या होत्या. गणिताच्या बाईला हा फरक लांबूनही दिसतो.

मोठं जमत नाही तर लहान करावं, या न्यायानं मी स्वैपाकघराकडे वळले. गरम भांडं धरायचे रजईसारखे शिवलेले चौकोन, सात इंच बाय सात इंच, कोपऱ्याला अडकवायला नाडी. यांना मराठीत काय म्हणावं हा प्रश्नच होता, कारण आपल्याकडे भांडं उतरवायला सांडशी असते, ती सापडली नाही तर फडकं, फडकं नाही तर पदर. मी म्हटलं, भांडं धरतं ते ‘धरण’. पलंगभर चिंध्या पसरल्यामुळे सोफ्यावर झोपणारे आमचे हे तेव्हापासून स्वतःला धरणग्रस्त म्हणवून घेतात आणि पुनर्वसनाचं काय झालं म्हणून रोज विचारतात.

पहिली सहा धरणं मी पॉलिस्टरची लादी घालून केली; हलकी, फुगीर, दिसायला देखणी. सूनबाईनं त्यातल्या एकानं लाल तापलेला लोखंडी तवा उचलला. पॉलिस्टर जळायच्या आधी वितळतं. बूटीसकट ते तव्याला असं चिकटलं की मुलाला तो तवा खरवडायला रविवार लागला. त्यानंतर कायदा केला: वरून सुती, आतून सुती, पोटात जुन्या टॉवेलचे दोन थर, आणि ओल्या हातानं धरायचं नाही, कारण ओल्या कापडातून चटका सरळ हातात पोचतो. अशी एकतीस धरणं शिवली. बगरू या जवळच्या गावच्या छापाची निळी कड, तांबडी नाडी. सगळ्यांचा चौथा कोपरा मात्र जरा रुसलेला. तिथं येईपर्यंत माझं एक सूत कुठंतरी गेलेलं असायचं, ते कायमचंच.

एकतीस कशाला? तर संक्रांतीचं हळदीकुंकू. पतंगांनी आभाळ भरलेलं, गच्च्यांवरून “वो काटा!” चालू, आणि खाली माझ्या हॉलमध्ये खातीपुऱ्यातल्या चार मराठी बायका आणि गल्लीतल्या सगळ्या भाभी. तिळगूळ दिला, ओटी भरली, वाण म्हणून एकेक धरण दिलं. कौतुक असं झालं की मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. “हाथ से बनाया? मास्टरनीजी ने?”

पण पुढं महिनाभर मी ज्या-ज्या स्वैपाकघरात गेले तिथं कुकर उतरवायला फडकंच. एकीच्या घरी धरण काचेच्या कपाटात, नातवाच्या ट्रॉफीशेजारी. एकीकडे वायफायच्या डबीखाली. एकीनं देवाच्या तसबिरीमागं भिंतीला ओल येते तिथं लावलेलं. समोरच्या भाभीसांना मी धीर करून विचारलंच. त्या एकदम दुखावल्या.

“इतनी सुंदर चीज़! उसको हम गंदी थोड़े ही करेंगे?”

आणि त्यांनी फडक्यानं दुधाचं पातेलं उतरवलं. फडकं त्यांच्या जुन्या ओढणीचं होतं, एका टोकाला जळलेलं, हळदीनं पिवळं. हात आपोआप तिकडंच जात होता. मी काय बोलणार? आईच्या वाकळीवर शाईचा डाग आहे म्हणूनच तर पाहुणे तिच्यासाठी भांडतात; माझी ती १४४ तुकड्यांची गोधडी कुणी मागत नाही.

नंतर मी विषय सोडून दिला. दिवाळीनंतर आम्ही एका लग्नाला सांगलीला गेलो ते दीड महिना राहिलो. त्याच सुमारास देवउठणी एकादशीनंतर गल्लीच्या टोकाच्या नव्या घरात एक कुटुंब आलं, वास्तुशांत झाली, सगळी गल्ली जेवून आली. आमचं तेवढं राहिलं.

यंदाची संक्रांत. इकडंही बायका त्या दिवशी एकाच प्रकारच्या चौदा वस्तू घेऊन त्या वाटतात. कुणी वाट्या, कुणी रुमाल, कुणी बांगड्या. दुपारी त्या नव्या भाभी दारात. तरुण, हसऱ्या, डोक्यावर पदर, हातात फीणीचा डबा. वाकून नमस्कार केला, टिळा लावला आणि पिशवीतून वाण काढून माझ्या हातावर ठेवलं.

निळी बगरूची कड. तांबडी नाडी. मी चौथा कोपरा चाचपला. रुसलेला होता.

“यहाँ का रिवाज मुझे बहुत अच्छा लगा, आंटीजी,” त्या सांगत होत्या. “गृहप्रवेश में सबने एक जैसी चीज़ दी. गिने तो पूरे चौदह! मैंने तो एक भी काम में नहीं लिया, संभालकर रखे कि संक्रांत पर काम आएँगे.”

आतून यांच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

मी म्हटलं, छान आहे, अगदी नवं दिसतंय.

त्यांनी जवळ येऊन आवाज खाली आणला. “बनाने वाली का हाथ थोड़ा कच्चा है. सबके कोने टेढ़े हैं. आप बड़ी हैं ना, आपके लिए सबसे सीधा वाला छाँटकर लाई हूँ.”